नंबर कुणाचा, तार कुणाची

पूर्वी कुणाच्या लँडलाइनवरून चोरून फोन करायचा तर खांबावर चढावं लागे, नाहीतर रस्त्याकडेचा पिलर उघडून त्यातली नेमकी जोडी हुडकावी लागे. एसटीडीचं बिल अचानक फुगलं की पहिला संशय लाइनमनवर जायचा, आणि दर वेळी तो खोटाच निघायचा असंही नाही. पण नंबर म्हणजे तांब्याच्या तारांची एक जोडी, एवढं पक्कं होतं. एक्स्चेंजमधल्या एमडीएफच्या लोखंडी चौकटीवर ती जिथे टेकली, तिथला तो नंबर. पलीकडे कोण बोलतंय, हे एक्स्चेंज विचारत नसे.

मोबाइलला तार नाही, म्हणून त्याची ओळख सिमकार्डात गेली. सिममध्ये एक गुप्त किल्ली असते, तिची जोड कंपनीकडे. नेटवर्क एक आकडा पाठवतं, सिम त्या किल्लीने त्याचं उत्तर काढून परत देतं; किल्ली स्वतः कधीच हवेतून जात नाही. टूजीत फोनला नेटवर्कची खातरजमा करता येत नव्हती, त्यामुळे खोटे टॉवर उभे करणाऱ्यांचं फावलं. थ्रीजीपासून दोन्ही बाजू एकमेकांना तपासतात.

आता घरात फायबर येतो आणि त्याच्या डब्याच्या पाठीमागे लँडलाइनचा फोन लागतो. त्यावरचा कॉल आणि खिशातल्या मोबाइलचा व्होल्टी कॉल आता आयएमएस नावाच्या एकाच कोअरमध्ये पोचू शकतात. कंपनीला एकच यंत्रणा सांभाळायची, आणि गिऱ्हाइकाला घरचा नंबर मोबाइलच्या ॲपवरही मिळतो. सोय खरीच आहे. मात्र मोबाइल या कोअरच्या दारात सिमची किल्ली दाखवतो, तर घरातला डबा पुष्कळ ठिकाणी नुसता यूजरनेम आणि पासवर्ड दाखवतो. दार नीट बांधलेलं नसेल, तर तो पासवर्ड हाती लागलेला माणूस तुमचा नंबर परदेशात बसून चालवू शकतो.

डब्याचं हे दुसरं दार घट्ट करण्याचं काम एका कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये बसून पाहायला मिळालं. असली कामं मध्यरात्रीनंतरच होतात, कारण तेव्हा कॉल सगळ्यात कमी असतात. टीमच्या प्रमुख मॅडमनी आधी मला एक पडदा दाखवला. कोअरच्या वेशीवर एसबीसी नावाचं यंत्र असतं. त्याच्या इंटरनेटकडच्या बाजूला रात्रंदिवस कोणी ना कोणी दार ठोठावत असतं. एकेक नंबर घेऊन पासवर्ड लावून बघायचा, एवढाच उद्योग. त्यातल्या कित्येक ओळींवर पाठवणाऱ्याचं नाव होतं ‘फ्रेंडली-स्कॅनर’. सिपव्हिशस हे साधन मुळात तपासणीसाठी लिहिलेलं. चोरांनी ते जसंच्या तसं उचललं आणि नाव बदलायचेही कष्ट घेतले नाहीत. अशा चोरीत एकदा शिरकाव झाला की परदेशातल्या महागड्या नंबरांवर तासन्‌तास कॉल लावले जातात आणि त्या कमाईत वाटा घेतला जातो. वेळ बहुधा शनिवार-रविवारची, कारण सोमवारपर्यंत बिलाकडे कुणी बघत नाही.

त्या रात्रीचा बदल कागदावर सोपा होता. घरोघरचे फायबर कंपनीकडच्या ज्या यंत्रात येतात, ते ओएलटी. नंबर त्याच्या ज्या पोर्टवर नोंदलेला आहे, तिथूनच डब्याची हजेरी आली तर मान्य. दुसरीकडून आली तर पासवर्ड बरोबर असला तरी ४०३, म्हणजे मनाई. एमडीएफचाच जुना नियम काचेच्या तारेवर परत आणायचा. ॲपवाल्यांची तपासणी वेगळी, ती त्यांच्या मोबाइल नंबराला बांधलेली.

आधीचे काही आठवडे हा नियम नुसता पाहत होता, अडवत नव्हता. त्यातून न जुळणाऱ्या नंबरांची यादी निघाली होती आणि तिच्यात चोर जवळजवळ नव्हतेच. होत्या त्या नोंदवायच्या राहिलेल्या दुरुस्त्या. यादीतले दवाखाने आणि पोलीस चौक्या बाजूला काढून मॅडमनी नियम एका तालुक्यापुरता लागू केला. डबा ठरावीक वेळाने हजेरी लावतो, इथे दर तासाला. त्यामुळे परिणाम एकदम दिसत नाही. ४०३ चा आकडा हळूहळू चढत गेला. एका गल्लीतले सगळे नंबर एकामागून एक गळले तेव्हा त्यांनी लाइनमनला फोन लावला.

“दादा, झोपलात का? तुमच्याकडं चार नंबरच्या पोर्टला काय केलं होतं?”

“मॅडम, मागं जेसीबीनं केबल तोडली ना, तेव्हा सात नंबरला टाकलं. ग्रुपवर फोटो टाकला होता की!”

फोटो खरोखर होता. व्हॉट्सअ‍ॅपवर, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकखाली. कोअरच्या नोंदीत तो गेलाच नव्हता. मॅडम चिडल्या नाहीत. नोंद दुरुस्त करून त्यांनी पुढची गल्ली घेतली.

मोबाइलचं दार सिममुळे भक्कम असलं तरी त्याच्या मागच्या भिंतीला जुनं भगदाड आहे. कंपन्या आपसात ज्या एसएस७ भाषेत बोलतात ती १९७० च्या दशकात घडवायला घेतलेली, मोजक्या टेलिफोन कंपन्यांच्या परस्पर विश्वासावर उभी. डिसेंबर २०१४ मध्ये संशोधक टोबियास एंगेल आणि कार्स्टन नोल यांनी हॅम्बुर्गच्या परिषदेत त्यातून फोनचा माग कसा काढता येतो आणि संभाषण कसं ऐकता येतं ते दाखवलं; २०१७ मध्ये जर्मनीत याच वाटेने बँकेचे एसएमएस वळवून खाती रिकामी झाली. म्हणून दुसऱ्या कोपऱ्यातल्या पडद्यावर सिग्नलिंग फायरवॉल होती. सांगलीच्या टॉवरवर दहा मिनिटांपूर्वी दिसलेला ग्राहक दुबईत पोचल्याचा निरोप आला, तर ती तो निरोप अडवते. विमानालासुद्धा मुंबईहून तीन तास लागतात.

मॅडमची प्रत्येक कमांड मधल्या एका सर्व्हरवर नोंदली जात होती आणि शेजारच्या इंजिनियरने होकार दिल्याशिवाय चालत नव्हती. हा जाच वाटेल, पण तो हवाच. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या सुमाराला ग्रीसमध्ये एका मोबाइल कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये कुणीतरी चोरटं सॉफ्टवेअर घातलं. पोलिसांसाठी ठेवलेली कायदेशीर टॅपिंगची सोयच त्याने वापरली आणि पंतप्रधानांसह शंभरावर लोकांचे फोन ऐकले गेले. माग लागला तो काही एसएमएस पोचेनात, या क्षुल्लक तक्रारीवरून. पुढे कंपनीने घाईने ते सॉफ्टवेअर काढून टाकलं आणि चोराला सावध केलं. आत कोण शिरलं, हे आजवर नीट उलगडलेलं नाही.

आपल्याकडे जून २०२१ पासून विश्वासू ठरवलेल्या पुरवठादारांकडूनच दूरसंचार सामग्री घ्यावी लागते. नोव्हेंबर २०२४ च्या नियमांप्रमाणे सुरक्षेला बाधा आल्याचं समजल्यापासून सहा तासांत केंद्र सरकारला कळवावं लागतं. हे योग्यच आहे. पण मी पाहिलं त्या नेटवर्कची अर्धी सुरक्षा कोणता फायबर कोणत्या पोर्टवर आहे या नोंदीवर टेकलेली होती, आणि ती नोंद ज्याच्या हाती, त्या कंत्राटी लाइनमनला जोडणीमागे पैसे मिळतात. पोर्ट बदलल्याचं कळवण्याचे त्याला काहीच मिळत नाहीत. फायरवॉलवर कोट्यवधी खर्च करणाऱ्या कंपन्यांनी आधी त्याच्या त्या पाच मिनिटांचा मोबदला ठरवावा.

तुमच्या घरी लाइनमन आला, तर डब्याचा ॲडमिन पासवर्ड त्याच्यासमोरच बदलून घ्या. आणि परदेशी फोन लावायची वेळ येत नसेल, तर लँडलाइनची आयएसडी बंद करायचा अर्ज आजच द्या.