आवाज थांबले, पण काम सुरू होईना

लातूर-नांदेड रस्त्यावरच्या चाकूर तालुक्यात काय किंवा शेजारच्या अहमदपुरात काय, स्किझोफ्रेनियाची हकीकत घरोघरी बहुतेक एकाच क्रमाने सांगितली जाते. पोरगा बारावीपर्यंत बरा होता. मग एकटाच पुटपुटायला लागला, आपल्यावर कुणीतरी करणी केली म्हणू लागला, रात्र रात्र जागू लागला. देवाचं झालं, बाहेरचं बघून झालं, शेवटी लातूरचा डॉक्टर. गोळ्या सुरू झाल्या, कानातले आवाज कमी झाले, जेवण-झोप ताळ्यावर आली. हकीकत इथे सुखरूप संपायला हरकत नव्हती. पण यानंतरचं आईचं वाक्यही ठरलेलं असतं: आता कुणाला त्रास देत नाही, पण नुसतं बसून राहतंय.

या बसून राहण्याला घरचे आळस म्हणतात, भावकी माज म्हणते. वैद्यकशास्त्र त्याला आजाराचाच भाग मानतं.

स्किझोफ्रेनियात दोन उलट्या गोष्टी एकदम घडतात. नसलेलं ऐकू येतं, नसलेला शत्रू दिसतो, ही झाली गावाला दिसणारी बाजू. त्याच वेळी माणसाकडे असलेलं काहीतरी आटत जातं: सकाळी उठून काही करावं ही ओढ, चेहऱ्यावरचे भाव, चार माणसांत बसण्याची इच्छा. शिवाय लक्ष आणि स्मरणही सैल पडतं. अडत दुकानात जाऊन भाव विचार आणि येताना मिठाचा पुडा आण, असं सांगितलं तर दोहोंतलं एकच काम घरी पोचतं. १९५२ मध्ये फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिनचा वापर सुरू झाला. त्यानंतर औषधं सुधारत गेली, पण त्यांची मुख्य पकड पहिल्या बाजूवर राहिली. आटलेली ओढ गोळीने फारशी परत येत नाही. त्यात काही औषधांनी सुस्ती येते, वजन वाढतं, आणि मग घरच्यांना वाटतं की पोराला गोळ्यांनीच बसवलं. त्या बंद केल्या की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आवाज परत येण्याचा धोका बळावतो.

हा आजार बहुधा विशीच्या आसपास गाठतो, म्हणजे नेमका शिक्षण, नोकरी, लग्न या वयात. म्हणून नुकसान मोजायचं तर भास किती होतात हे विचारून भागत नाही. माणूस दिवसभर काय करू शकतो, हे पाहावं लागतं.

त्यासाठी भारतात स्वतंत्र मोजपट्टी आहे. इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीच्या समितीने ती तयार केली. आयडियाज या आद्याक्षरांच्या नावाने ती ओळखली जाते. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि समज, आणि काम, अशा चार बाबींना प्रत्येकी शून्य ते चार गुण. आजाराच्या काळाचे वेगळे गुण मिळवून बेरीज वीसपर्यंत जाते. सात गुण झाले की अपंगत्व ४० टक्के धरलं जातं आणि दिव्यांग प्रमाणपत्राचं दार उघडतं. यातली चांगली गोष्ट अशी की पगाराच्या नोकरीलाच ही पट्टी काम समजत नाही. घर सांभाळणाऱ्या बाईचा स्वयंपाक, झाडलोट, मुलांचं बघणं हेही त्यात मोजलं जातं. कागदावर तरी. प्रत्यक्षात पुरुषाचं काम थांबलं की घर उपचाराला धावतं, बाईचं थांबलं की अनेकदा तिची रवानगी माहेरी होते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार हा २१ प्रकारांपैकी एक आहे, आणि ४० टक्क्यांच्या दाखल्यावर गरीब कुटुंबाला संजय गांधी निराधार योजनेतून महिना अनुदान मिळू शकतं. राज्य सरकारने २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी ते १५०० वरून २५०० रुपये केलं. मात्र आधी मनोविकारतज्ज्ञाची तपासणी हवी, म्हणजे चाकूरकरांना बहुधा जिल्ह्याचं ठिकाण गाठणं आलं. ज्याला घराच्या ओट्यावरून उठवणं कठीण, त्याला एसटीत बसवून लातूरच्या रांगेत उभं करायचं, तेही एक-दोघांची मजुरी बुडवून. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला उभी राहिली. त्यांतलं एकही मराठवाड्याच्या वाट्याला आलं नाही.

तरी गावाकडे एक जमेची बाजू होती. १९६० च्या दशकाअखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांतल्या रुग्णांचा अभ्यास सुरू केला. भारतातलं केंद्र आग्र्याला होतं. काही वर्षांनी पाहिलं तर आग्रा आणि नायजेरियातल्या इबादानचे रुग्ण श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा बरे निघाले. या निष्कर्षावर पुढे बरीच टीका झाली, आणि एकत्र कुटुंबाचं त्यावरून गायलं जाणारं कौतुक जरा जास्तच आहे. पण त्यातला कामाचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. शेतीच्या घरात अर्ध्या तब्येतीच्या माणसाला झेपेल असं काही ना काही असायचं: गुरं वळणं, पाखरं राखणं, वैरण टाकणं. घड्याळ नाही, साहेब नाही. आता दावणीचे बैल गेले, सोयाबीनची रास मळणीयंत्रातून तासाभरात निघते, जमिनीच्या वाटण्या होऊन एकरांचे गुंठे झाले. आजार तोच असला तरी आजोबांच्या काळात ज्याला घरात जागा होती, तो नातवाच्या काळात बिनकामाचा ठरतो.

मग हे काम बाहेरून उभं करता येतं का? सातारा, गोवा आणि तामिळनाडूत कांचीपुरम परिसरात याची चाचणी झाली. २८२ रुग्ण, १२ महिने. वैद्यकीय पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी घरी जाऊन गोळ्यांचा पाठपुरावा केला, रोजच्या कामाची घडी बसवायला आणि सरकारी लाभ मिळवायला मदत केली. ‘लॅन्सेट’मध्ये २०१४ साली निकाल आले. फक्त दवाखान्यात उपचार घेणाऱ्यांपेक्षा या रुग्णांची लक्षणं आणि अपंगत्व कमी झालं. फरक बेताचाच होता आणि तामिळनाडूत अधिक ठळक दिसला. आयडियाज हीच पट्टी तिथेही वापरली होती.

घरच्यांनीच उभं केलेलं कामही महाराष्ट्रात आहे. मूळचे धुळ्याकडचे, कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांच्या पुढाकाराने पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली; धायरीचं पुनर्वसन केंद्र आणि रुग्ण-नातेवाइकांचे स्वमदत गट ही तिची ओळख. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या चित्रपटामागेही वाणीच होते. चाकूरहून धायरी मात्र शेकडो किलोमीटर लांब आहे.

आणि समजा इथेच कुणी असं काम उभं केलं, पोरगा सकाळी उठू लागला, किराणा दुकानात दोन तास बसू लागला, तर? तपासणीत गुण सातच्या खाली येऊ शकतात आणि मग दाखल्याच्या फेरतपासणीत ४० टक्के टिकणार नाहीत. दुकानातले दोन तास अनुदानाइतके पैसे देतीलच असं नाही, आणि आजार उलटला तर दाखल्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ही पट्टी भरताना तज्ज्ञाने रुग्णाबरोबर सांभाळणाऱ्यालाही विचारणं अपेक्षित आहे. पोरगा आता काय काय करतो, या प्रश्नाला आईने त्या खोलीत काय उत्तर द्यावं, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.