कार्यप्रणालीच्या आधी : सर्व्हरमधील ‘रेड’ची रचना

संगणकाची कार्यप्रणाली ज्या डिस्कवर ठेवावयाची, ती डिस्क कार्यप्रणालीच्या आधी सिद्ध असली पाहिजे. सर्व्हरमध्ये अनेक डिस्क एकत्र बांधून त्यांची एकच डिस्क भासवावयाची असते. तेव्हा बांधणी करणारे कोणीतरी कार्यप्रणालीपूर्वीच जागे असावे लागते. नियंत्रक-कार्डावरील स्वतंत्र प्रोसेसर हे काम करतो. म्हणून यंत्र सुरू होताना ठरावीक कळ दाबून, किंवा यूईएफआयच्या सूचीतून, त्याच्या पडद्यावर जावे लागते.

एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क वापराव्यात, असे बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ मध्ये मांडले. पुढे ‘रेड’ या नावातील ‘स्वस्त’ जाऊन ‘स्वतंत्र’ आला. स्वस्ताई विक्रेत्यांना रुचली नसावी! परंतु डिस्क वाढल्या की बिघाडाचा संभवही वाढतो, म्हणून जादा माहिती साठवणे ओघाने आले.

पडद्यावरील मुख्य प्रश्न पातळीचा असतो. चार टेराबाइटच्या चार डिस्क घेतल्यास रेड ० मध्ये सोळा टेराबाइट मिळतात. पण एक डिस्क गेली की सर्वच जाते. रेड ५ मध्ये बारा मिळतात व एका डिस्कचा बिघाड सोसतो. तीन डिस्कवरील समस्थानी अंक १, ० व १ असतील, तर त्यांत १ सम वेळा येतो, म्हणून चौथीवर समतांक ० लिहिला जातो. मधली डिस्क निकामी झाल्यास उरलेल्या १, १ व ० यांवरून हरवलेला अंक ० हाच ठरतो. हे पुनर्लेखन मोठ्या डिस्कबाबत कित्येक तास, प्रसंगी दिवसही चालते. त्या अवधीत दुसरी डिस्क गेली, तर गणित निरुपाय होते. दोन बिघाड सोसणाऱ्या रेड ६ मध्ये आठच टेराबाइट उरतात; तरीही मोठ्या डिस्कसाठी हा त्याग योग्यच म्हणावा लागेल. चुकून पुसलेली फाइल मात्र कोणतीच पातळी परत देत नाही. तिच्यासाठी वेगळी प्रत हवी.

रचनेची नोंद बहुधा डिस्कवरही राहते. नियंत्रक बदलला की नवा नियंत्रक तीच रचना ‘परकी’ म्हणून दाखवितो आणि ती स्वीकारावी की पुसावी, असे विचारतो. जुना विदा हवा असेल, तर डिस्कचा पूर्ण संच जागेवर असल्याची खात्री करून ती स्वीकारावयाची असते. ‘परकी’ या शब्दाने बिचकून ती पुसली, तर डिस्क धडधाकट असूनही त्यांवरील विदा हाती लागत नाही.