‘स्ट्राइक’ म्हणजे मारणे नव्हे



मी कॉलेजात गेलेला माणूस नव्हे. इंग्रजी शिकलो ते युनियनच्या कचेरीत, मालकांच्या नोटिसा वाचता वाचता. त्यामुळे जो इंग्रजी शब्द आधी अंगवळणी पडला तो ‘स्ट्राइक’. हाच शब्द चिनी विद्यार्थ्याला कसा अडवतो, ते आज सांगतो.

‘स्ट्राइक’चा उघड अर्थ प्रहार करणे. पण काडी ओढली तरी ‘स्ट्राइक’, घड्याळाचे टोले पडले तरी ‘स्ट्राइक’, सौदा पटला तरी तेच. चिनी भाषेत काडीचे क्रियापद वेगळे, टोल्याचे वेगळे. एका शब्दाचे अनेक अर्थ ही गोष्ट मात्र चिनी माणसाला नवी नाही. त्याचा ‘दा’ म्हणजे मारणे. पण तो टेलिफोन ‘मारतो’, विहिरीचे पाणी ‘मारतो’, छत्रीही ‘मारतो’. आपण हाक मारतो, गप्पा मारतो, त्यातलाच प्रकार! परंतु एका भाषेतले मारणे दुसरीच्या मापाचे नसते. म्हणून शब्द एकटा पाठ करू नये, त्याच्या सोबत्यांसह करावा.

‘कामगार स्ट्रक’ असे इंग्रजीत वाचले की नवशिका विचारतो, कोणाला मारले? कोणालाच नाही. १७६८ साली लंडनच्या बंदरात खलाशांनी जहाजांची शिडे उतरवून काम बंद पाडले. शीड उतरवण्यालाही ‘स्ट्राइक’च म्हणत. संपाचा अर्थ तेथून आला असे मानतात. म्हणजे मुळात उगारलेला हात नाही, उतरवलेले शीड आहे.

चिनी भाषेत संपाला ‘बा-गुंग’ म्हणतात. ‘बा’ म्हणजे थांबवणे, ‘गुंग’ म्हणजे काम. दुकाने बंद ठेवली की ‘बा-शी’, वर्ग सोडले की ‘बा-ख’. जून १९१९ मध्ये शांघायात ही तिन्ही एकदम घडली. आपला ‘संप’ पाहा. गुजरातीत त्याचा अर्थच एकी.

चीनच्या १९७५ व १९७८ च्या राज्यघटनांत संपाचे स्वातंत्र्य लिहिलेले होते. १९८२ च्या घटनेतून ते गाळले गेले. शब्द कोशात राहिला, हक्क घटनेतून गेला. तेव्हा शब्दाचा अर्थ कोशात पाहावा. पण त्याची किंमत, तो उच्चारण्याची मुभा कोणाला आहे, यावरून ठरवावी.