अपयशोत्तर दिग्दर्शक : पुनःप्रतिष्ठेच्या प्रश्नाची मांडणी

एकदा मान्यता पावलेल्या चित्रपट-दिग्दर्शकाची एखादी कृती समीक्षकांनी झिडकारली आणि प्रेक्षकांनीही तिच्याकडे पाठ फिरविली, तर तो दिग्दर्शक पुन्हा उभा राहू शकतो काय? ह्या प्रश्नाची चर्चा बहुधा दोन टोकांवरून होते. एका पक्षाच्या मते प्रतिभा ही झऱ्यासारखी असते; ती एकदा आटली की पुन्हा वाहत नाही, आणि पडलेला चित्रपट हा ती आटल्याचा पुरावा होय. दुसऱ्या पक्षाच्या मते खरी प्रतिभा कधीच आटत नाही. चुकतात ते समकालीन समीक्षक, आणि त्यांची चूक काळ दुरुस्त करतोच. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हे दोन्ही पक्ष दिग्दर्शकाच्या अंतःशक्तीविषयी बोलतात, परंतु चित्रपट ज्या व्यवस्थेत निर्माण होतो तिच्याविषयी मौन पाळतात. कवीचा एखादा संग्रह नाकारला गेला तरी पुढील कविता लिहिण्यास त्याला कागद पुरतो. दिग्दर्शकास मात्र पुढील चित्रपटासाठी दुसऱ्याचे भांडवल आणि दुसऱ्याचा विश्वास ह्या दोहोंची गरज असते. ह्या एका भेदामुळे अपयशाचा अर्थच चित्रपटाच्या क्षेत्रात पालटतो.

१. ‘सावरणे’ ह्या शब्दाचे तीन अर्थ

दिग्दर्शक ‘सावरला’ असे आपण म्हणतो तेव्हा तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या जातात. पहिली गोष्ट म्हणजे काम करण्याची संधी पुन्हा मिळणे. दुसरी, नव्या कृतीने पूर्वीची कलात्मक उंची पुन्हा गाठणे. तिसरी, नाकारल्या गेलेल्या कृतीचेच कालांतराने पुनर्मूल्यांकन होणे. ह्या तीन गोष्टी एकमेकींवाचून घडू शकतात, किंबहुना बहुधा तशाच घडतात, हे पुढील उदाहरणांवरून दिसून येईल. त्याचप्रमाणे ‘अपयश’ ह्या शब्दातही समीक्षकांचा प्रतिकूल कौल आणि तिकीट-खिडकीवरील तोटा हे दोन वेगळे प्रकार आहेत. दोन्ही एकाच वेळी ओढवले म्हणजेच दिग्दर्शकाची खरी कसोटी लागते.

२. कर्तृवादाचा पक्ष

दिग्दर्शक हाच चित्रपटाचा खरा कर्ता होय, ह्या भूमिकेची मांडणी फ्रान्समध्ये ‘काइये द्यु सिनेमा’ ह्या नियतकालिकातून झाली. फ्रांस्वा त्र्युफो ह्यांनी १९५५ साली जाक बेकर ह्यांच्या ‘अली बाबा’ ह्या सामान्य चित्रपटाची बाजू घेताना कृतीपेक्षा कर्त्याकडे पाहण्याचा आग्रह धरला. ह्या दृष्टीने पाहता श्रेष्ठ दिग्दर्शकाचा फसलेला चित्रपटही त्याच्या समग्र कर्तृत्वाचा एक दुवा ठरतो, आणि म्हणून सामान्य दिग्दर्शकाच्या यशस्वी चित्रपटाहून तो अधिक अभ्यसनीय होतो. परंतु त्याच नियतकालिकाचे एक संस्थापक आंद्रे बाझँ ह्यांनी १९५७ साली ह्या भूमिकेस मर्यादा घालून दिली. कर्त्याचे नाव मोठे म्हणून कृती मोठी, असे मानल्यास समीक्षेची जागा व्यक्तिपूजा घेईल, ही त्यांची भीती होती. शिवाय कर्त्यामागे काळ, परंपरा आणि निर्मितीची रीत ही सारी उभी असतात, हे त्यांनी बजावले. आपल्या प्रश्नासाठी बाझँ ह्यांची ही शेवटची सूचना विशेष मोलाची आहे. तिचा पडताळा कुरोसावा ह्यांच्या चरित्रात जितका स्पष्ट मिळतो तितका क्वचितच अन्यत्र मिळेल.

३. कुरोसावा : दोन अपयशे, दोन परिणाम

अकिरा कुरोसावा ह्यांच्या वाट्याला भिन्न परिस्थितींत दोन मोठी अपयशे आली. पहिले १९५१ सालचे. दस्तयेवस्की ह्यांच्या कादंबरीवरून शोचिकु कंपनीसाठी त्यांनी केलेला ‘हाकुची’ मुळात २६५ मिनिटांचा होता. कंपनीने तो कापून १६६ मिनिटांवर आणला. जपानी समीक्षकांनी ह्या छाटलेल्या चित्रपटावर कठोर टीका केली, आणि दाइएइ कंपनीने पुढील चित्रपटासाठी त्यांना दिलेला प्रस्ताव मागे घेतला. नेमक्या ह्याच सुमारास त्यांच्या आदल्या वर्षीच्या ‘राशोमोन’ला व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पुढे १९५२ मध्ये ‘इकिरु’ आणि १९५४ मध्ये ‘सात सामुराई’ हे चित्रपट तोहो कंपनीने काढले. म्हणजे ह्या वेळी ते वर्षभरातच सावरले. ह्याचे श्रेय त्यांच्या प्रतिभेस आहेच. तथापि जपानी चित्रपटधंदा त्या वेळी भरभराटीच्या वाटेवर होता आणि एका कंपनीचे दार बंद झाले तरी दुसरीचे उघडे होते, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे.

दुसरे अपयश १९७० सालचे. मधल्या काळात सारे चित्र पालटले होते. जपानमधील चित्रगृहांच्या प्रेक्षकांची वार्षिक संख्या १९५८ साली ११२ कोटींहून अधिक होती. दूरचित्रवाणीच्या प्रसारानंतर १९७० पर्यंत ती सुमारे २५ कोटींवर घसरली. अमेरिकन कंपनीच्या ‘तोरा! तोरा! तोरा!’ ह्या चित्रपटावरून कुरोसावा ह्यांना १९६८ च्या अखेरीस दूर करण्यात आले होते. तेव्हा किनोशिता, कोबायाशी आणि इचिकावा ह्या समव्यवसायी दिग्दर्शकांसह त्यांनी स्वतंत्र निर्मितिसंस्था काढली, आणि तिच्यातर्फे ‘दोदेसुकादेन’ हा आपला पहिला रंगीत चित्रपट केला. शहराच्या कडेला कचऱ्याच्या ढिगाऱ्यांत राहणाऱ्या माणसांचा हा चित्रपट जपानी प्रेक्षकांस रुचला नाही आणि नवी संस्था तोट्यात गेली. १९७१ साली दाइएइ कंपनीचे दिवाळे निघाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कुरोसावा ह्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. त्यातून ते वाचले.

दोन्ही अपयशांच्या वेळी दिग्दर्शक तोच होता. पहिल्या वेळी त्याला एका वर्षात काम मिळाले. दुसऱ्या वेळी मायदेशात ते मिळालेच नाही. ‘देर्सू उझाला’ (१९७५) सोव्हिएट रशियातील मोसफिल्म ह्या सरकारी संस्थेने काढला, आणि त्यास परभाषीय चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. ‘कागेमुशा’ (१९८०) चा सर्व खर्च पेलणे तोहो कंपनीस जड जात होते. जॉर्ज लुकास आणि फ्रान्सिस फोर्ड कोपोला ह्या दोन चाहत्यांनी रदबदली केल्यावर ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स ह्या कंपनीने परदेशी वितरणाच्या हक्कांच्या बदल्यात उरलेले भांडवल पुरविले. बारा वर्षांपूर्वी त्यांना दूर करणारी कंपनी हीच होती. ह्या चित्रपटास कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला. ‘रान’ (१९८५) ला फ्रेंच निर्माते सेर्ज सिल्बरमान ह्यांचे साहाय्य झाले.

ह्या पुनरुत्थानाची किंमतही मोजून पाहिली पाहिजे. १९४३ ते १९६५ ह्या बावीस वर्षांत कुरोसावा ह्यांनी २३ चित्रपट केले. त्यानंतरच्या अठ्ठावीस वर्षांत, म्हणजे १९९३ पर्यंत, त्यांच्या हातून केवळ ७ झाले. १९७० पासून १९९० पर्यंत प्रत्येक चित्रपटामागे पाच वर्षांचे अंतर आहे. ‘रान’ पाहून ‘ते सावरले’ असे म्हणताना जे चित्रपट झालेच नाहीत त्यांचा हिशेब आपण मांडत नाही.

४. पॉवेल आणि हिचकॉक : एकाच वर्षातील दोन चित्रपट

मायकेल पॉवेल ह्यांनी एमरिक प्रेसबर्गर ह्यांच्या सहकार्याने ‘ब्लॅक नार्सिसस’ (१९४७) आणि ‘द रेड शूज’ (१९४८) ह्यांसारखे चित्रपट करून ब्रिटिश चित्रपटात अग्रस्थान मिळविले होते. १९५७ नंतर ही जोडी विभक्त झाली. १९६० च्या एप्रिलमध्ये पॉवेल ह्यांचा ‘पीपिंग टॉम’ लंडनमध्ये झळकला. कॅमेऱ्याने स्त्रियांच्या मृत्युसमयीची भीती टिपणारा खुनी हा त्याचा नायक. पाहणारा प्रेक्षक आणि चित्रण करणारा दिग्दर्शक हे दोघेही त्या विकृतीचे काही अंशी भागीदार आहेत, असे हा चित्रपट सुचवितो. समीक्षक संतापले, वितरकांनी तो लवकरच मागे घेतला, आणि मायदेशातील मोठ्या निर्मितीची दारे पॉवेल ह्यांना बहुतांशी बंद झाली. पुढे त्यांनी ऑस्ट्रेलियात दोन चित्रपट केले. १९७२ साली मुलांसाठी एक लहान चित्रपट केला.

त्याच वर्षी आल्फ्रेड हिचकॉक ह्यांचा ‘सायको’ आला. विषय तितकाच भयप्रद होता आणि आरंभीची परीक्षणेही एकमुखाने अनुकूल नव्हती. तरी चित्रपट तुफान चालला. दोहोंतील कलात्मक भेद मान्य करूनही निर्मितीतील भेद नजरेआड करता येत नाही. हिचकॉक ह्यांनी ठराविक मानधन सोडून चित्रपटाच्या मालकीत मोठा हिस्सा घेतला होता, दूरचित्रवाणीवरील मालिकेच्या तंत्रज्ञांकरवी खर्च आटोक्यात ठेवला होता आणि समीक्षकांसाठी आगाऊ खेळ ठेवलाच नव्हता. म्हणजे समीक्षकाचा कौल येण्यापूर्वीच प्रेक्षक चित्रगृहात पोहोचला होता. पॉवेल ह्यांच्यापाशी असे कोणतेच कवच नव्हते.

पॉवेल ह्यांच्या बाबतीत तिसऱ्या अर्थाने मात्र संपूर्ण पुनःप्रतिष्ठा झाली. मार्टिन स्कॉर्सेसी ह्यांच्या खटपटीने १९७९ साली ‘पीपिंग टॉम’ न्यूयॉर्कच्या महोत्सवात दाखविला गेला. १९८१ साली ब्रिटिश चित्रपट अकादमीने पॉवेल आणि प्रेसबर्गर ह्यांना सन्माननीय सदस्यत्व दिले. कृती सावरली, कीर्ती सावरली. परंतु कर्त्याची मधली वीस वर्षे कोणासही परत करता आली नाहीत.

५. गुरुदत्त आणि राज कपूर

आपल्याकडील दोन उदाहरणे ह्या विवेचनास पूरक आहेत. ‘प्यासा’ (१९५७) नंतर गुरुदत्त ह्यांनी ‘कागज़ के फूल’ (१९५९) हा भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट काढला. एका दिग्दर्शकाच्या ऱ्हासाची ही कथा प्रेक्षकांनी व बहुतेक समीक्षकांनी स्वीकारली नाही. गुरुदत्त ह्यांची संस्था त्यानंतरही चालू राहिली, एम. सादिक दिग्दर्शित ‘चौदहवीं का चाँद’ (१९६०) ने चांगला धंदा केला. त्यांनी स्वतःचे नाव मात्र दिग्दर्शक म्हणून पुन्हा पडद्यावर येऊ दिले नाही. ‘साहिब बीबी और ग़ुलाम’ (१९६२) वर दिग्दर्शक म्हणून अबरार अल्वी ह्यांचे नाव आहे आणि दिग्दर्शनाचे फिल्मफेअर पारितोषिकही त्यांनाच मिळाले. त्यातील गुरुदत्त ह्यांच्या वाट्याविषयीचा वाद आजही मिटलेला नाही. येथे भांडवल होते, संस्था होती, सहकारी होते. नाहीसा झाला तो स्वतःच्या सहीवरचा विश्वास. १९६४ च्या ऑक्टोबरात त्यांचे निधन झाले, आणि ‘कागज़ के फूल’चा गौरव त्यांच्या पश्चात झाला. केवळ भांडवलाने सारे उलगडत नाही, हे मान्य करण्यास हे उदाहरण आपणास भाग पाडते.

राज कपूर ह्यांनी नेमका उलट मार्ग धरला. दोन मध्यंतरांचा, सुमारे चार तासांचा ‘मेरा नाम जोकर’ (१९७०) पडल्यावर त्यांनी नवोदित नायक-नायिका घेऊन ‘बॉबी’ (१९७३) काढला व अपार यश मिळविले. पहिल्या अर्थाने हे पुनरुत्थान निर्विवाद आहे. दुसऱ्या अर्थाने विचार करू गेल्यास ‘आवारा’ (१९५१) व ‘श्री ४२०’ (१९५५) ह्यांतील सामाजिक आशयाचा ‘बॉबी’त कितपत अंश उरला, हा प्रश्न शिल्लक राहतो. बाजाराने त्यांना परत घेतले ते त्यांनी बाजाराची अट पाळली म्हणून, असे म्हणणे थोडे कठोर असले तरी अगदीच निराधार नाही.

६. दोन आक्षेप

ह्यावर असा आक्षेप येऊ शकतो की, अशा विवेचनाने प्रत्येक पडलेला चित्रपट उपेक्षित श्रेष्ठ कृती ठरू लागेल. तसे मुळीच नाही. पॉवेल ह्यांच्याच ‘द क्वीन्स गार्ड्स’ (१९६१) ह्या चित्रपटास पुनर्मूल्यांकनाच्या लाटेतही ‘पीपिंग टॉम’चे स्थान मिळालेले नाही. काळ हा न्यायाधीश आहे खरा. पण तो प्रत्येक अर्जदाराच्या बाजूने निकाल देत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. काळ न्याय करतो असे म्हणताना न्यायासाठी पुरावा शिल्लक असावा लागतो. झाँ रन्वार ह्यांचा ‘ला रेग्ल द्यु झ्यू’ १९३९ साली पॅरिसमध्ये धिक्कारला गेला, कापला गेला, आणि त्यावर बंदीही आली; परंतु उरलेले तुकडे जमवून १९५९ साली तो पुन्हा सिद्ध करता आला, म्हणूनच आज तो जगातील श्रेष्ठ चित्रपटांत गणला जातो. ‘हाकुची’चा कापलेला सुमारे शंभर मिनिटांचा भाग आजवर सापडलेला नाही. त्या चित्रपटाविषयी १९५१ चे समीक्षक बरोबर होते की चूक, ह्याचा निकाल त्यामुळे लागू शकत नाही. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्थांचे कार्य ह्या दृष्टीने पाहिले पाहिजे. नावाजलेल्या चित्रपटांची प्रत कोणीही जपतो. पडलेल्या चित्रपटांची प्रत जपणे हे संग्रहालयाचे खरे कर्तव्य होय.

७. उपसंहार

एवंच, मान्यताप्राप्त दिग्दर्शक अपयशातून सावरू शकतो काय, ह्या प्रश्नाचे एकच एक उत्तर संभवत नाही. कामाची संधी मिळणे हे पर्यायी भांडवल उपलब्ध असण्यावर अवलंबून असते. पूर्वीची उंची गाठणे हे ती संधी कोणत्या अटींवर मिळाली ह्यावर आणि कर्त्याचा आत्मविश्वास टिकला की नाही ह्यावर. आणि कृतीचे पुनर्मूल्यांकन होणे हे तिची प्रत जिवंत राहण्यावर. कुरोसावा ह्यांना पहिल्या दोन गोष्टी मोठ्या विलंबाने लाभल्या, पॉवेल ह्यांना तिसरी लाभली, गुरुदत्त ह्यांना तीही मरणोत्तर. म्हणून एखाद्या दिग्दर्शकाविषयी ‘उतरती कळा’ हा शब्दप्रयोग करण्यापूर्वी त्या वर्षी त्याच्या देशात किती निर्मितिसंस्था उभ्या होत्या, तोटा कोणाच्या माथी बसला आणि चित्रपटाची कोणती आवृत्ती समीक्षकांपुढे आली होती, ह्या तीन गोष्टींची नोंद संशोधकाने प्रथम करावी. त्यानंतरच प्रतिभेच्या आटण्याविषयी बोलण्याचा त्यास अधिकार पोहोचतो.