रंगीत तालीम अणुभट्टीला, मग प्रसूतिगृहाला का नाही?

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली वीज देऊ लागले. तेथील नियंत्रण कक्षात बसणाऱ्या अभियंत्याच्या हाती अणुभट्टीची सूत्रे एकाएकी दिली जात नाहीत. खऱ्या कक्षासारख्याच हुबेहूब प्रतिरूप यंत्रणेवर, म्हणजे सिम्युलेटरवर, त्याला बिघाड घालून दाखवले जातात, तो चुकतो, पुन्हा करतो, आणि मगच त्याला परवाना मिळतो. शेजारच्या औद्योगिक वसाहतीतही हेच तत्त्व आहे. घातक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांप्रमाणे मोठ्या जोखमीच्या कारखान्याने दर सहा महिन्यांनी आपत्कालीन योजनेची रंगीत तालीम घेतली पाहिजे. तरीही बोईसर परिसरात जानेवारी २०२० मधील स्फोटात आठ जण आणि ऑगस्ट २०२५ मधील वायुगळतीत चार कामगार प्राणास मुकले. यावरून तालीम निरर्थक आहे असा निष्कर्ष कोणी काढला नाही. ती अधिक काटेकोर हवी, असेच सर्वांनी म्हटले.

आता याच पालघर जिल्ह्याच्या पूर्वेकडील डोंगराळ भागाकडे वळू. जव्हार-मोखाड्याकडील एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्रपाळीला असलेल्या परिचारिकेसमोर बाळंतपण सुखरूप होते आणि पाठोपाठ मातेला रक्तस्राव सुरू होतो. हाताशी असतात ती मोजकी मिनिटे. कोणते औषध प्रथम, गर्भाशयाला मर्दन कोणी करायचे, रुग्णवाहिकेला दूरध्वनी कोणी करायचा, याचा विचार करण्यास उसंत नसते. लहान केंद्रात असा प्रसंग वर्षातून एखादवेळ येतो, कधी येतही नाही. ही सुदैवाची गोष्ट खरी. परंतु जो प्रसंग क्वचित येतो त्याचे कौशल्य अनुभवाने टिकत नाही, सरावानेच टिकते. अणुभट्टीचा बिघाड क्वचितच होतो, म्हणूनच ना तिथे सिम्युलेटर आहे? मग प्रसूतिगृहाला तशी कालबद्ध कायदेशीर सक्ती का नसावी?

केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ साली ‘करता करता शिकणे’ ही कल्पना अर्थशास्त्रात मांडली. उत्पादन वाढत जाते तसा अनुभव वाढतो आणि खर्च घटतो, असा तिचा आशय. कारखान्यात पहिले काही नग बिघडले तर तोटा मालकाच्या खाती पडतो. परंतु शिकाऊ डॉक्टर किंवा परिचारिका ज्या रुग्णावर प्रथम शिकते, त्या शिकण्याची किंमत कोण मोजतो? अर्थातच रुग्ण, आणि शिकाऊ हात बहुधा सार्वजनिक रुग्णालयांत असल्याने तो गरीब रुग्ण. ज्याला खासगी रुग्णालयात जाता येते त्याला अनुभवी हात मिळतो, आणि तो अनुभव जमा होतो तो मात्र आदिवासी स्त्रीच्या देहावर. या छुप्या कराची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात सापडणार नाही.

यावरील उपाय नवा नाही. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मादाम द्यू कुद्रे या सुईणीने कापडाची प्रसूती-प्रतिकृती तयार केली आणि १७५९ मध्ये राजाज्ञा मिळाल्यावर गावोगाव फिरून हजारो स्त्रियांना शिकवले. १९६० साली नॉर्वेतील खेळणी बनवणाऱ्या आस्मुंड लेरदाल यांनी कृत्रिम श्वासोच्छ्वास शिकवण्याची बाहुली आणली. आपल्याकडेही २००९ पासून नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रमात बाहुलीवर नवजाताला श्वास देण्याचे शिक्षण दिले जाते, आणि वैद्यकीय महाविद्यालयांना कौशल्य प्रयोगशाळा आता बंधनकारक आहे. तेव्हा प्रश्न साधन नसण्याचा राहिलेला नाही.

प्रश्न निराळाच आहे. मध्यंतरी एका परिचर्या प्रशिक्षण संस्थेत जाण्याचा योग आला. प्रसूतीची महागडी प्रतिकृती तिथे होती. परंतु प्लॅस्टिकच्या वेष्टनात, कुलूपबंद कपाटात. ‘वापरली आणि बिघडली तर जाब कोण देणार?’ असे शिक्षिकेने शांतपणे सांगितले. तिला दोष कसा द्यावा? आपल्या शासनव्यवस्थेत भांडवली खर्चाला मुहूर्त असतो, फीत कापणे असते. महसुली खर्चाला मात्र वाली नसतो. बाहुली विकत घेता येते. तिचे सुटे भाग, तिच्यावर शिकवणारा प्रशिक्षक, आणि परिचारिका सरावाला गेली असता तिच्या जागी उभी राहणारी दुसरी परिचारिका यांची तरतूद कोणी करत नाही. या तिसऱ्या खर्चालाच अर्थशास्त्रात संधीव्यय म्हणतात, आणि योजना बहुधा तिथेच बुडते.

म्हणून नियोजनाचा क्रम उलटा करायला हवा. आधी ठरवावे की कोणत्या चार-पाच प्रसंगांत आपल्याकडे माणसे दगावतात: प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, न रडणारे बाळ, गरोदरपणातील झटके, सर्पदंश, आणि बोईसरसाठी वायुबाधा. मग प्रशिक्षक, मग वेळापत्रक, आणि सर्वांत शेवटी बाहुली. एकदाच तीन दिवसांची कार्यशाळा घेऊन काही महिन्यांत हात विसरतो. दर पंधरवड्याला अर्धा तास, तोही प्रत्यक्ष प्रसूतिगृहातच, हे अधिक उपयुक्त. तेथे सराव केला म्हणजे प्राणवायूच्या नळकांड्याची चावी सापडत नाही, थंड ठेवायचे ऑक्सिटोसिन उघड्या कपाटात आहे, या गोष्टीही वेळीच उघडकीस येतात. सरावानंतरची मोकळी चर्चा ही तर या पद्धतीचा आत्मा. चुकणाऱ्याला तिथे दटावले, तर दुसऱ्या वेळी कोणी सरावाला येणार नाही.

रस्ते नाहीत, डॉक्टर नाहीत, रक्तपेढी दूर, तिथे बाहुल्यांचे कौतुक कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. तो गंभीर आहे. बाहुली रस्ता बांधत नाही. परंतु केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया या देशांत दोन लाखांहून अधिक प्रसूतींचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्त मोजण्याची साधी खुणांची पिशवी, ठरावीक उपचारांचा एकत्रित संच आणि जागेवरचा प्रतिरूप सराव यांच्या जोडीने तेथे तीव्र रक्तस्राव व त्याचे गंभीर परिणाम साठ टक्क्यांनी घटले. हे देश काही श्रीमंत नव्हेत.

पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी जिल्हा झाला. या जिल्ह्यात एका टोकाला जोखमीची तालीम कशी घ्यावी हे जाणणारे उद्योग आहेत, आणि दुसऱ्या टोकाला ज्यांना तिची सर्वाधिक गरज आहे ती आरोग्य केंद्रे. २०१३ च्या कंपनी कायद्याने पात्र कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यातून आणखी एक बाहुली नको. पाच वर्षांसाठी चार फिरत्या प्रशिक्षकांचे वेतन द्यावे, आणि जव्हारचे कुटीर रुग्णालय, डहाणू व बोईसर ही त्यांची ठाणी करावीत. पाच वर्षांनंतर हा खर्च शासनाने आपल्या नियमित अंदाजपत्रकात घ्यावा, हे मात्र पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे. त्यात फीत कापण्यासारखे काहीच नाही, आणि कदाचित म्हणूनच ते आजवर झालेले नाही.