एका हाताने कापलेला कॅट

गोदावरीकाठचं पुणतांबा हे चांगदेवांचं गाव. इथे त्यांची समाधी आहे. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन निघालेले चांगदेव आणि त्यांना सामोरी चालत गेलेली भिंत ही गोष्ट महाराष्ट्रातल्या बहुतेक पोरांनी ऐकलेली असते. अशा गावच्या जंक्शनवर, शिर्डीकडे फाटा फुटतो तिथे गाडीची वाट पाहताना कुणी खिशातून पत्त्यांचा कॅट काढला आणि एकाच हातात त्याचे दोन भाग करून वरचा खाली नि खालचा वर केला, तर बाकावरच्या साऱ्या माना वळतात. मला यात सगळ्यात नवल वाटतं ते हे, की इथे काहीच लपवलेलं नसतं. जादूचं गुपित फुटलं की मजा ओसरते. ही करामत मात्र पूर्ण समजल्यावर जास्तच आवडू लागते.

एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये शार्लिए नावाचा एक जादूगार होता. त्याच्या नावाने ही कापणी ओळखली जाते. कॅट डाव्या हातात, तळव्यापासून उंच, बोटांच्या टोकांवर धरायचा. एका लांब कडेला अंगठा, समोरच्या कडेला मधलं बोट आणि अनामिका, आपल्या अंगाकडच्या आखूड कडेला करंगळी. तर्जनी खाली मोकळी. आता अंगठा किंचित सैल करा. खालचा अर्धा भाग तळव्यात उतरतो. त्याची बोटांकडची कड तर्जनीने वर ढकलायची. ती वरच्या भागाच्या पोटाला घासत अंगठ्याकडे सरकते आणि खालचा भाग दाराच्या फळीसारखा उभा राहतो. क्षणभर दोन्ही भाग एकमेकांना अडवून धरतात. उभी कड अंगठ्याला टेकली, की वरचा भाग तिच्यावरून सुटून खाली उतरतो आणि उभा भाग त्याच्यावर मिटतो. झालं!

नवशिक्याचा कॅट सांडतो तो बहुधा त्या अडवाअडवीच्या क्षणी. कॅट तळव्यात खोल धरलेला असला, की खालच्या भागाला फिरायला जागाच उरत नाही. हात लहान असेल तर ब्रिजचे अरुंद पत्ते घ्यावेत. त्यांची रुंदी सुमारे ५७ मिलिमीटर असते, रुंद पत्त्यांची सुमारे ६३. तेवढ्या सहा मिलिमीटरने बोटांना केवढा आराम मिळतो! चांगल्या पत्त्यांवर बारीक खळगे उठवलेले असतात. त्यांत हवा अडकते, म्हणून नवे पत्ते एकमेकांवरून अलगद सरकतात. घामाने चिकट झालेल्या जुन्या कॅटवर शिकणाऱ्याला उगाच स्वतःच्या बोटांचा दोष वाटत राहतो.

आपल्या सावंतवाडीच्या गंजिफ्यावर मात्र ही करामत चालणार नाही. ते पत्ते गोल. दशावतारी गंजिफ्यात दहा रंगांचे बारा-बारा, असे १२० पत्ते. त्यांना लांब कडही नाही आणि कोपराही नाही. हातांची ही सारी कसरत चौकोनी पत्त्याच्या कडांवर उभी आहे.

पिसण्यात तर गणितच दडलेलं आहे. कॅटचे बरोबर २६-२६ असे दोन भाग करून, एक पत्ता इकडचा, एक तिकडचा, असे अचूक गुंतवले, वरचा पत्ता वर आणि खालचा खाली ठेवून, तर आठ वेळा पिसल्यावर सगळा कॅट मूळ क्रमाने परत येतो. पत्त्यांना वरून ० ते ५१ असे क्रमांक द्या. दर पिसणीत पत्त्याचा क्रमांक दुप्पट होतो आणि ५१ च्या पुढे गेला तर त्यातून ५१ वजा होतात. आठ दुपटी म्हणजे २५६ पट, आणि २५६ म्हणजे ५१ पाचा २५५, वर एक. म्हणून जो तो आपल्या घरी! अचूक पिसणं म्हणजे मुळीच न पिसणं, हे पहिल्यांदा लक्षात येतं तेव्हा अंगावर काटा येतो. पर्सी डायकोनिस चौदाव्या वर्षी घर सोडून एका जादूगाराबरोबर निघाले आणि पुढे स्टॅनफर्डमध्ये गणिताचे प्राध्यापक झाले. हे आठ अचूक फेरे ते स्वतःच्या हातांनी घालू शकत. त्यांनी आणि डेव्ह बेयर यांनी १९९२ साली दाखवून दिलं, की आपल्यासारख्यांच्या ओबडधोबड पिसणीने साधारण सात वेळांत कॅट नीट मिसळतो. म्हणजे चुका होतात म्हणूनच डाव रंगतो.

बोटं हे शिकतात कशी? २००४ साली जर्मनीतल्या संशोधकांनी काही जणांना तीन महिने तीन चेंडू झेलायला शिकवलं आणि त्यांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली. डोळ्यांना दिसणारी हालचाल टिपणाऱ्या काही भागांतलं करडं द्रव्य वाढलेलं दिसलं. सराव थांबल्यावर ते पुन्हा कमी झालं. हे वाचल्यापासून रोजच्या दहा मिनिटांचं मोल मला फार वाटतं.

तुम्हीही शिका. पलंगावर गादीवर बसा, म्हणजे सांडलेले पत्ते गोळा करताना कंबर वाकवावी लागणार नाही. सुरुवात अर्ध्या कॅटने करा, सावकाश, आवाज न करता, आणि तेवढे पत्ते सहज वळू लागल्यावरच पूर्ण ५२ हातात घ्या.