ज्वारी, पेलाग्रा आणि मेंदूची रसद

उतारवयात मेंदू तल्लख राहावा म्हणून ‘ब३’ जीवनसत्त्वापासून सिद्ध केलेल्या ज्या महागड्या गोळ्या हल्ली विकल्या जातात, त्या घ्याव्यात काय, अशी पृच्छा वाशीम जिल्ह्यातील धनज येथील एका वाचकाने केली आहे. आणि सोयाबीनने शेते व्यापण्यापूर्वी ज्या मुलखात ज्वारीची भाकरी हेच मुख्य अन्न होते, तेथून हा प्रश्न यावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

मेंदूचे वजन शरीराच्या अवघे २ टक्के. परंतु शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के तो एकटा खर्ची घालतो आणि शिल्लक जवळजवळ ठेवीत नाही. ग्लुकोजमधून सुटणारे इलेक्ट्रॉन वाहून नेण्याचे काम या जीवनसत्त्वापासून घडणारा एनएडी हा रेणू करतो. कापूस जिनात उतरवून रिकामी परतणारी आणि पुन्हा भरून निघणारी बैलगाडीच ती. रक्तपुरवठा तुटून पेशीतील डीएनएला इजा पोहोचली, म्हणजे दुरुस्तीवर नेमलेले पार्प नावाचे विकर एनएडीच मोडून वापरू लागते. पडके घर सावरण्यासाठी गाड्याच फोडून त्यांचे लाकूड लावावे, तसे. गाड्या संपल्या की ग्लुकोज समोर असूनही पेशी उपाशी मरते. प्रयोगशाळेतील उंदरांना निकोटिनामाइड हे ‘ब३’चेच एक रूप दिले असता मेंदूची हानी कमी झाली, ती हा साठा टिकल्यामुळे, असे संशोधक मानतात.

‘ब३’च्या या कथेत भारतीय पोषणशास्त्रज्ञ कोलुथुर गोपालन यांचे नाव क्वचितच निघते, याचा मला खेद वाटतो. त्वचा काळवंडणे, अतिसार आणि बुद्धिभ्रंश ही पेलाग्राची लक्षणे. तो निकोटिनिक आम्लाच्या, म्हणजे ‘ब३’च्याच दुसऱ्या रूपाच्या, अभावाने होतो, हे जीवरसायनशास्त्रज्ञ एल्वेहजेम यांच्या १९३७ मधील शोधामुळे उलगडले. मग दख्खनच्या ज्वारीत ते पुरेसे असताना ती खाणाऱ्या गरिबांना पेलाग्रा का जडावा? ज्वारीतील ल्युसिनचे आधिक्य त्यास कारण असावे, अशी उपपत्ती गोपालन व त्यांचे सहकारी श्रीकांतिया यांनी १९६० साली मांडली. पुढे तिच्यावर वाद झाले. तथापि जीवनसत्त्व ताटात किती आहे याइतकेच शरीरात त्याचे काय होते हेही पाहिले पाहिजे, ही त्यांची दृष्टी मला अमोल वाटते.

पेलाग्राने भ्रमिष्ट झालेला रुग्ण निकोटिनामाइडने काही दिवसांतच भानावर येतो. पण ज्याला वरण, शेंगदाणे पोटभर मिळतात, त्याचा मेंदू या गोळ्यांनी अधिक टिकतो, असे सिद्ध झालेले नाही, आणि पक्षाघातावरही त्या मान्य उपचार नव्हेत. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, तर गोळी न शोधता तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे; रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.